पार्कचे हक्काचे पाहुणे गळताहेत का, हे ओळखायचं कसं

फाटकावरची गर्दी पाहिली की थीम पार्क कसं चाललंय ते कळतं, असा बहुतेकांचा समज असतो. एकूण धंद्यापुरता तो थोडाफार बरोबरही आहे. पण वर्षानुवर्षं परत येणारा माणूस टिकलाय का, याचं उत्तर गर्दीत सापडत नाही. तो एका दिवसात नाहीसा होत नाही. आधी त्याच्या फेऱ्या कमी होतात, मग वर्षभराच्या पासचं नूतनीकरण "बघू पुढच्या महिन्यात"वर जातं, आणि तो यायचा पुरता थांबतो तोवर त्याच्या जागी पहिल्यांदाच आलेलं एखादं कुटुंब रांगेत उभं असतं. फाटकावरच्या यंत्राला दोघे सारखेच.

इथली उदाहरणं मुख्यतः डिस्नेच्या अमेरिकेतल्या दोन ठिकाणांची आहेत: कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड (१९५५) आणि फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड (१९७१). जुने पाहुणे दुरावल्याची ओरड गेल्या काही वर्षांत तिथेच सगळ्यात मोठी आहे. पद्धत मात्र पास विकणाऱ्या कुठल्याही पार्कला चालते.

"नेहमीचा" म्हणजे कोण, हे आधी ठरवा

हे न ठरवता आकडे गोळा केले की पुढे सगळा घोळ होतो. नेहमीचे पाहुणे किमान तीन जातींचे असतात आणि तिघांना एकच फूटपट्टी लावता येत नाही.

पहिला म्हणजे तास-दीड तासाच्या अंतरावर राहणारा पासधारक. त्याचं माप म्हणजे बारा महिन्यांतल्या फेऱ्या. दुसरा दूरवरून, विमानाने किंवा दोन दिवस गाडी हाकत, ठरावीक वर्षांनी येणारा. त्याच्या बाबतीत दोन सहलींमधलं अंतर मोजायचं. जो दर दोन वर्षांनी येतो तो यंदा आला नाही म्हणून गळाला असं नाही. त्याच्या नेहमीच्या अंतराची दीडपट उलटली, म्हणजे तीन वर्षं झाली, की मग त्याला गळतीत धरा. तिसरा म्हणजे आगाऊ पैसे गुंतवून बसलेला सभासद. त्याच्याकडे शेवटी येऊ.

एक गळती पार्कच्या हातात नसते. मुलं चार ते बारा वर्षांची असताना पास घेणारं घर मुलं मोठी झाली की पास सोडतंच. बदली होते, घर बदलतं, गुडघे बोलायला लागतात. त्यामुळे "इतक्या जणांनी पास सोडला" हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. सोडणाऱ्यांच्या जागी तितकेच नवे पासधारक येताहेत का, आणि राहिलेले पूर्वीइतकेच येताहेत का, हे दोन प्रश्न त्याला जोडूनच विचारायचे.

गर्दी तीच, माणसं वेगळी: एक हिशेब

हा हिशेब एकदा कागदावर करून बघाच. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

एका पार्ककडे ४०,००० पासधारक आहेत. पास ६०० डॉलरचा, आणि प्रत्येक जण वर्षाला सरासरी ९ फेऱ्या मारतो. म्हणजे पासवरच्या फेऱ्या झाल्या ३,६०,०००. पुढच्या वर्षी पासधारक राहिले ३४,००० आणि सरासरी उतरली ७ वर. फेऱ्या उरल्या २,३८,०००. तूट १,२२,०००.

आता ही तूट फोडा. निघून गेलेल्या ६,००० जणांच्या प्रत्येकी ९ फेऱ्या गेल्या, त्या ५४,०००. राहिलेल्या ३४,००० जणांच्या प्रत्येकी २ गेल्या, त्या ६८,०००. निम्म्याहून जास्त तूट अशा लोकांमुळे आहे, ज्यांनी पास सोडलेलाच नाही. फक्त नूतनीकरणाचा दर बघणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच निसटते.

पार्कने या १,२२,००० फेऱ्यांची जागा १५० डॉलरच्या एकदिवसीय तिकिटांनी भरून काढली असं समजू. फाटकावरचा आकडा जिथल्या तिथे. उलट गल्ला वाढला: आधी पासचे २ कोटी ४० लाख डॉलर होते, आता पासचे २ कोटी ४ लाख अधिक तिकिटांचे १ कोटी ८३ लाख, मिळून ३ कोटी ८७ लाख. जुने पाहुणे सटकत असताना पार्कचे वरिष्ठ खुशीत का असतात, याचं कोडं इथे सुटतं. अडचण पुढच्या वर्षी येते. त्या १,२२,००० तिकीटवाल्यांतले बहुतेक लगेच परत येणारे नसतात. तितके नवे लोक पुन्हा शोधावे लागतात, जाहिरातीचा खर्च पुन्हा करावा लागतो. मंदी आली, विमानभाडं वाढलं, किंवा शेजारी नवं पार्क उघडलं की हेच लोक आधी आटतात. फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डच्या शेजारी, ऑरलँडोमध्ये, युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क २२ मे २०२५ रोजी उघडलं, तेव्हा हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही.

माणूस गेला, की दार लावून घेतलं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पासधारक कमी झाले म्हणजे ते रुसले, असा अर्थ सरसकट काढला जातो. पण पासधारक कमी करणं हे पार्कचं स्वतःचंच धोरण असू शकतं.

डिस्नेलँडचं बघा. जानेवारी २०२१मध्ये तिथली जुनी वार्षिक पासची योजनाच गुंडाळली गेली. ऑगस्ट २०२१मध्ये तिच्या जागी 'मॅजिक की' नावाचा पास आला: चार प्रकार, ३९९ ते १,३९९ डॉलर, आणि प्रत्येक भेटीसाठी आगाऊ आरक्षण सक्तीचं. फ्लोरिडात नोव्हेंबर २०२१मध्ये बहुतेक प्रकारच्या नव्या पासची विक्रीच थांबवली, ती एप्रिल २०२३मध्ये पुन्हा सुरू झाली. या काळात पासधारकांचा आकडा घसरला असेल तर त्यावरून निष्ठा मोजता येत नाही. विकायलाच काही नव्हतं. ऑगस्ट २०२२च्या तिमाही निकालात तर कंपनीने डिस्नेलँडमधल्या पाहुण्यांचं मिश्रण "प्रतिकूल" असल्याचं लिहिलं. पासवर येणारे जास्त आणि जास्त खर्च करणारे कमी, असाच त्याचा अर्थ लावला गेला. जुन्या पाहुण्यांनी त्याच शब्दांचे टी-शर्ट छापले. हिशेबनिसाच्या वाक्याला इतकी प्रसिद्धी क्वचितच मिळते.

म्हणून ताळा असा करा. पासची विक्री थांबलेली किंवा मर्यादित आहे आणि किंमत वाढतेय, तर दार पार्कनेच लोटलंय. विक्री बारा महिने सुरू आहे, हप्त्यांची सोय वाढतेय, पास चालत नाही अशा बंदीच्या तारखा कमी होताहेत, नूतनीकरणावर सवलत मिळतेय, तर पार्क लोकांना परत बोलावतंय, म्हणजे ते गेले आहेत. दोन्ही एकाच वेळी दिसली तर स्थानिकांसाठीच्या तिकिटाकडे बघा. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी डिस्नेलँडचं सोमवार ते गुरुवार चालणारं तीन दिवसांचं तिकीट २०२४च्या सुरुवातीला २२५ डॉलरला होतं, २०२५मध्ये ते १९९ला आलं. त्याच सुमारास एका दिवसाच्या तिकिटाचा वरचा दर मात्र २०६ डॉलरवर गेला होता. फलकावरचा दर चढतोय आणि शेजाऱ्यांसाठीचा उतरतोय, याचा अर्थ आठवड्याच्या मधल्या दिवसांत जागा रिकामी राहतेय.

दर चढवल्यावर लोक गेले, याचं उदाहरण सिक्स फ्लॅग्स या अमेरिकेतल्या पार्कांच्या साखळीचं आहे. २०२२मध्ये कंपनीने भरमसाट सवलती बंद केल्या आणि दर चढवले. पाहुणे २०२१मध्ये २ कोटी ७७ लाख होते, ते २०२२मध्ये २ कोटी ५ लाखांवर आले. उत्पन्न सुमारे १५० कोटी डॉलरवरून १३६ कोटींवर. माणशी उत्पन्न काढलं तर ५४ डॉलरवरून ६६वर गेलं, तरीही एकूण गल्ला घटला. २०२१चा वसंत ऋतू साथीच्या निर्बंधांत गेला होता हे लक्षात घेतलं तर घसरण अधिकच बोलकी ठरते. २०२३मध्ये पाहुणे २ कोटी २२ लाखांपर्यंतच सावरले. यापुढची तुलना करताना जपून: १ जुलै २०२४ला ही कंपनी सीडर फेअर या दुसऱ्या पार्क कंपनीशी एकत्र झाली, त्यानंतरचे आकडे आधीच्यांशेजारी ठेवता येत नाहीत.

पास किती फेऱ्यांत वसूल होतो

पासची किंमत भागिले एका दिवसाच्या तिकिटाची किंमत. इतकं सोपं गणित, पण पासधारक मनात हेच करतो. २०२१मधली १,३९९ डॉलरची मॅजिक की आणि तेव्हाचं १०४ ते १५४ डॉलरचं एका पार्कचं तिकीट घेतलं, तर महागड्या दिवसांच्या हिशेबाने १० फेऱ्यांत आणि स्वस्त दिवसांच्या हिशेबाने १४ फेऱ्यांत ती वसूल होते. पार्किंग आणि खरेदीवरची सूट धरली तर एखाद-दोन फेऱ्या कमी.

हा आकडा दर वर्षी काढून शेजारी शेजारी लिहा. वसुलीच्या फेऱ्या वाढत असतील आणि आरक्षणामुळे किंवा बंदीच्या तारखांमुळे मिळू शकणाऱ्या फेऱ्या कमी होत असतील, तर वर्षभरात गळती दिसणार हे गृहीत धरा. दर वाढला म्हणून लोक कुरकुरतात आणि भरतात. पण पास हातात असून जाता येत नाही, हे त्यांना फसवल्यासारखं वाटतं. डिस्नेलँडच्या ड्रीम कीवर (मॅजिक कीचा सगळ्यात महाग प्रकार) बंदीच्या तारखा नाहीत असं सांगून आरक्षण मात्र मिळत नाही, या तक्रारीवरून दावा झाला आणि कंपनीने तो ९५ लाख डॉलरला मिटवला.

फुकटच्या गोष्टी काढून घेतल्याची नोंदही याच वहीत ठेवा, कारण वसुलीच्या गणितात त्या दिसत नाहीत. लांब रांग टाळून आत सोडणारा फास्टपास १९९९पासून फुकट होता. ऑक्टोबर २०२१मध्ये त्याच्या जागी पैसे मोजून घ्यायची जीनी प्लस आली, आणि जुलै २०२४मध्ये तिला लायटनिंग लेन मल्टी पास हे नाव मिळालं. फ्लोरिडातली विमानतळावरून हॉटेलवर नेणारी फुकट बस २०२२च्या सुरुवातीला बंद झाली. पहिल्यांदा येणाऱ्याला यातलं काहीच गेल्याचं कळत नाही. जुन्याला प्रत्येक पावलावर कळतं.

कंपनीचे आकडे वाचताना

डिस्ने पार्कनिहाय पाहुण्यांची संख्या सांगत नाही; देशांतर्गत पार्कांची वाढ-घट टक्क्यांत देते, आणि शेजारी माणशी खर्चाची टक्केवारी. दोन्ही एकत्र वाचा. माणशी खर्च चढतोय आणि संख्या सपाट आहे, हे चित्र वरच्या काल्पनिक हिशेबाशी जुळतं, पण ते एकटं पुरावा नाही.

पार्कनिहाय अंदाज मनोरंजन उद्योगातली टीईए ही संघटना दरवर्षी देते. त्यानुसार फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडमचे पाहुणे २०१९मध्ये २ कोटी ९ लाख ६० हजार होते, २०२३मध्ये १ कोटी ७७ लाख २० हजार, म्हणजे साडेपंधरा टक्के कमी. डिस्नेलँडचे १ कोटी ८६ लाख ७० हजारांवरून १ कोटी ७२ लाख ५० हजार, साडेसात टक्क्यांच्या आसपास कमी. हे अंदाज आहेत, तिकिटांची मोजणी नव्हे, आणि २०२३मध्ये डिस्नेच्या पार्कांत आरक्षणाची चाळण अजून होतीच. फ्लोरिडात तारखेच्या तिकिटांवरची ती सक्ती ९ जानेवारी २०२४ला उठली. यातून गळती सिद्ध होत नाही. शंका मात्र जागी होते, आणि फ्लोरिडाबद्दल ती जास्त घ्यावी असं आमचं मत. तिथला मोठा पाहुणा दूरचा आहे, त्याला पास नको, पण फुकट बस आणि फुकट फास्टपास त्याच्या सहलीचाच भाग होता.

तिमाहीची तुलना करताना सण कुठे पडला ते आधी बघा. २०२४चा ईस्टर ३१ मार्चला होता, २०२५चा २० एप्रिलला. सुट्टीची गर्दी एका तिमाहीतून दुसऱ्यात सरकते आणि काहीच न घडता "घसरण" दिसते. वादळाचंही तसंच: ऑक्टोबर २०२४मध्ये मिल्टन चक्रीवादळात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बंद ठेवावं लागलं.

पास हाच मुख्य धंदा असलेल्या कंपन्यांच्या ताळेबंदात "डिफर्ड रेव्हेन्यू" नावाची ओळ शोधा. विकलेल्या पण अजून न वापरलेल्या पासचे पैसे तिथे असतात, त्यामुळे फाटकाच्या आधी ही ओळ हलते. मागच्या तिमाहीशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडा, कारण पासविक्रीला हंगाम असतो. आणि आकडा घटला तर पासच्या किमती उतरल्या होत्या का तेही बघा. संख्या तीच राहून रक्कम घटू शकते. डिस्नेच्या बाबतीत ही ओळ कुचकामी आहे, तिच्यात स्ट्रीमिंगची वर्गणीही मिसळलेली असते.

रांगेवरून अंदाज बांधू नका

"रांगा लांब आहेत, म्हणजे लोक आहेत" किंवा "वीस मिनिटांत नंबर लागला, म्हणजे पार्क ओस पडलं" ही दोन्ही वाक्यं सारखीच कच्ची. एका रोलर कोस्टरचं गणित बघा. एका गाडीत २४ जण, दर ६० सेकंदांना एक गाडी सुटते: तासाला १,४४० माणसं. रांगेत ७२० जण असतील तर थांबायचं ३० मिनिटं. आता एक गाडी दुरुस्तीला गेली किंवा फलाटावर माणसं कमी आहेत, आणि दर ९० सेकंदांना गाडी सुटतेय: तासाला ९६०. तेच ७२० लोक आता ४५ मिनिटं थांबतात. किंवा गाड्या पुऱ्या आहेत, पण ४० टक्के जागा पैसे भरून आलेल्यांच्या वेगळ्या रांगेला जातात: साध्या रांगेला उरल्या ८६४, थांबायचं ५० मिनिटं. गर्दी एका माणसानेही वाढलेली नाही.

शिवाय फलकावरची वेळ बहुधा फुगवलेली असते, म्हणजे माणूस लवकर आत गेला तर खूश होतो. मोजायचंच असेल तर घड्याळ लावून दोन गाड्यांमधलं अंतर मोजा, गाडीतल्या जागा मोजा, आणि मगच रांगेकडे बघा.

पार्किंगमधल्या नंबर पाट्या जास्त कामाच्या. शाळा सुरू असतानाचा मंगळवार किंवा बुधवार घ्या, सकाळी ११च्या सुमारास एका ओळीतल्या सलग २०० गाड्या बघा आणि त्याच राज्यातल्या पाट्या किती ते लिहा. पुढच्या वर्षी तोच आठवडा, तोच वार, तीच वेळ. २०० गाड्यांच्या नमुन्यात सात टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होणं निव्वळ योगायोग असतो, म्हणून दोन वर्षांत दहा टक्क्यांहून कमी फरक पडला तर तो सोडून द्या. ऑरलँडोत ही युक्ती लंगडी पडते, कारण भाड्याच्या गाड्यांवरही फ्लोरिडाची पाटी असते. डिस्नेलँड जिथे आहे त्या अनाहाइमला बरी चालते.

माणसांना विचारायचं तर काय विचारायचं

"समाधानी आहात का?" हे विचारू नका. तावातावाने तक्रार करणारा बहुधा अजून पास बाळगून असतो, आणि जो खरोखर गेला तो तक्रारही करत नाही. विचारायचे प्रश्न चार: गेल्या बारा महिन्यांत किती वेळा आलात, त्याआधीच्या बारा महिन्यांत किती वेळा, पास कधी संपतो आणि पुढचा घेण्याचं ठरलंय का, नसेल तर त्या पैशांचं आणि त्या सुट्टीचं काय करणार आहात. चौथ्यातूनच खरं काय ते कळतं. "मुलं कॉलेजला गेली" हे पार्कचं अपयश नाही. "या वर्षी क्रूझ करतोय" हे आहे.

फक्त पार्कच्या आत उभं राहून विचारलं तर उत्तर आधीच झुकलेलं येतं, कारण न आलेले तिथे नसतातच. आणि जो वर्षाला वीसदा येतो तो तुम्हाला भेटण्याची शक्यता दोनदा येणाऱ्याच्या दहापट. म्हणून प्रत्येक उत्तराला त्याच्या फेऱ्यांनी भागून वजन द्या, नाहीतर सगळं पार्क कट्टर भक्तांनी भरलंय असंच वाटेल.

आगाऊ पैसे भरलेले सभासद

डिस्ने व्हेकेशन क्लब १९९१पासून आहे. सभासद हॉटेलातल्या मुक्कामाचे गुण (पॉइंट) पुढच्या कित्येक वर्षांसाठी विकत घेतो. सुरुवातीच्या करारांची मुदत जानेवारी २०४२पर्यंत आहे. पैसे आधीच गेलेत, म्हणून हा माणूस नाराज असला तरी येत राहतो, आणि फक्त उपस्थिती मोजली तर तो निष्ठावान दिसतो. त्याच्याबद्दल दोनच गोष्टी बघायच्या: तो गुण स्वतः वापरतोय की दुसऱ्याला भाड्याने देतोय, आणि हातबदल होणाऱ्या करारांचा प्रति गुण दर कुठे चाललाय. दर पडला तर त्याच करारात किती वर्षं उरली होती हेही ताडून बघा. मुदत जवळ येईल तसा तो थोडा पडणारच.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण तेच टाळू नका. बंदीच्या तारखांचं कॅलेंडर, पासचे दर आणि कुठला प्रकार विक्रीला आहे, या तिन्हींचे स्क्रीनशॉट दर महिन्याच्या १ तारखेला काढून तारीख घालून ठेवा. पार्क नवं कॅलेंडर चढवतं तेव्हा जुनं पुसलं जातं. डिस्नेची दरवाढ अलीकडे बहुधा ऑक्टोबरमध्ये येते, म्हणून सप्टेंबरचा संच तेवढा कधीच चुकवू नका.